धर्माच्या गायीचे दात



आपल्याकडे एक म्हण आहे, 'धर्माची गाय अन् दात का गं नाय?' फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढणाऱ्याला टोमणा मारायचा असला की ती हमखास बाहेर निघते. आता दातच का, हे नव्या पिढीला सांगायला हवं. जनावराचं वय त्याच्या दातांवरून कळतं. आमच्या भागातल्या बैलबाजारात आजही गिऱ्हाईक आधी जबडा उघडून पाहतो, दोन दाती आहे की चार दाती आहे, आणि मग भावाला हात घालतो. विकत घेताना दात मोजायचे, दान घेताना मोजायचे नाहीत, असा या म्हणीचा कायदा.

मी आयुष्यभर मुलांना ही म्हण शिकवली. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा, दोन गुण. पण निवृत्तीनंतर दुधाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दल थोडं वाचत गेलो तसं वाटायला लागलं की, दूध एका देशातून दुसऱ्या देशात जाताना त्याला ज्या अटी घातल्या जातात, त्यांचा सगळा इतिहास या एका म्हणीभोवती फिरतो आहे. दात कुणी मोजायचे? कुणाचे मोजायचे? आणि ज्याला फुकट मिळतं आहे त्याने विचारायचंच नाही का? आजचा लेख त्याबद्दल. विषय रुक्ष वाटेल, पण शेवटी तो आपल्या घरच्या पेल्यापर्यंत येतो, म्हणून थोडा धीर धरा.

सुरुवात आमच्याच शाळेपासून करतो. चिमूर तेव्हा चांदा जिल्ह्यात होतं, गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायला अजून वीसेक वर्षं होती. साठ सालच्या आसपास शाळेत मोठ्या पिंपात दुधाची पावडर यायची. केअर आणि युनिसेफ यांच्यामार्फत परदेशातली पावडर तेव्हा देशभरच्या शाळांत जात असे. गरम पाण्यात कालवून पेला पेला मिळायची. वास काही केल्या आवडायचा नाही, पण रांगेत आम्ही पुढे. आमच्या भागात गुरं भरपूर, पण ती नांगराची आणि बंडीची. गोवाऱ्यासोबत दिवसभर जंगलात चरून आलेली गाय वासराचं भागवून जेमतेम लोटाभर दूध द्यायची. त्यामुळे शाळेत रोज पेलाभर दूध ही चैनच होती!

एकदा थोडी पावडर कागदात बांधून मी घरी नेली. आईने ती बोटांत चुरून पाहिली आणि विचारलं, "कोण्या गाईचं व्हय बापा हे दूध?" मी म्हटलं, अमेरिकेच्या. ती म्हणाली, "अमेरिकेच्या कोण्या गाईचं?"

आम्ही भावंडं खूप हसलो होतो. आज कळतं की तो प्रश्न हसण्यासारखा नव्हता. गावात दूध घ्यायचं तर गाय माहीत असायची. ती काय खाते, आजारी आहे का, व्यायली कधी, घरधनी पाणी घालणारा आहे की नाही, सगळं ठाऊक. परदेशी व्यापारात ही ओळख तुटते. तिच्या जागी कागद येतो. निर्यातीसाठी लागणारे दाखले, शिक्के, तपासणीचे अहवाल हे सगळे मिळून 'कोण्या गाईचं?' या एकाच प्रश्नाचं उत्तर देत असतात.

आता जरा मोठ्या दानाकडे वळू. युरोपात सरकारं शेतकऱ्याला हमीभाव देत होती, त्यामुळे दूध गरजेपेक्षा जास्त झालं आणि गोदामांत लोण्याचे आणि पावडरीचे अक्षरशः डोंगर उभे राहिले. ते करायचं काय? इकडे भारतात शहरांना दूध पुरत नव्हतं. डॉ. वर्गीस कुरियन यांनी यातून वाट काढली. हे दान फुकट वाटायचं नाही. शहरांतल्या डेअऱ्यांत पावडर आणि बटर ऑइल कालवून त्याचं दूध करायचं, ते विकायचं आणि त्या पैशातून आपल्या खेड्यांतला दूधधंदा उभा करायचा. हाच ऑपरेशन फ्लड, म्हणजे दुधाचा महापूर. १९७० साली जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मदतीने तो सुरू झाला. पहिल्या टप्प्यासाठी १ लाख २६ हजार टन पावडर आणि ४२ हजार टन बटर ऑइल द्यायचं ठरलं होतं. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई ही चार शहरं त्यात होती. पुढे युरोपीय आर्थिक समुदायाकडून थेट मदत येऊ लागली. या योजनेवर टीकाही पुष्कळ झाली, पण तो वाद आजचा विषय नव्हे. आपल्यापुरतं इतकंच की आपण दान घेत होतो, चांगल्या कामासाठी घेत होतो, आणि दात मोजत नव्हतो.

२६ एप्रिल १९८६. सोव्हिएत युनियनमध्ये युक्रेनातल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रात स्फोट झाला. किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर युरोपभर गेली आणि जिथे पाऊस पडला तिथे जमिनीवर उतरली. गवतावर पडली, गवत गायीने खाल्लं, आणि गायीच्या दुधात आली. यात दोन द्रव्यं महत्त्वाची. एक आयोडिन-१३१, ते आठ दिवसांत निम्मं होतं, म्हणजे काही महिन्यांत संपल्यात जमा. दुसरं सीझियम-१३७. त्याला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात! पावडर आणि लोणी टिकाऊ पदार्थ, वर्षभराने दुसऱ्या देशात खाल्ले जाणारे. म्हणून काळजी होती ती सीझियमची.

युरोपने घाई केली. अपघाताला पाच आठवडे होतात न होतात तोच, ३० मे १९८६ ला आयातीसाठी मर्यादा ठरली : दुधासाठी आणि लहान मुलांच्या अन्नासाठी किलोमागे ३७० बेकेरेल, बाकीच्या अन्नासाठी ६००. (बेकेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं, असं समजा.) बाहेरून येणाऱ्या मालाचे दात त्यांनी लगेच मोजायला घेतले. पण आपल्या घरात तयार झालेल्या दूषित मालाचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच.

पश्चिम जर्मनीत त्याचा एक चमत्कारिक नमुना घडला. चीज करताना दूध फाडल्यावर जे पाणी उरतं, त्याची पावडर करून जनावरांच्या खाद्यात घालतात. बव्हेरियात अशी सुमारे ५,००० टन पावडर जमली आणि ती भलतीच किरणोत्सारी निघाली. रेल्वेच्या डब्यांत भरून ती इकडून तिकडे हलत राहिली. आफ्रिकेतल्या देशांकडे पाठवण्याचा बेत असल्याच्या बातम्या १९८७ च्या सुरुवातीला फुटल्या, तेव्हा गदारोळ झाला आणि अखेर जर्मन सरकारलाच ती ताब्यात घ्यावी लागली. घरात नको झालेलं दारिद्र्य असलेल्या घरी पाठवून द्यावं, ही बुद्धी माणसाला फार लवकर सुचते...

आणि आता मुंबई. ऑपरेशन फ्लडसाठी युरोपीय समुदायाने मदत म्हणून दिलेलं सुमारे २०० टन आयरिश लोणी मुंबईत आलं होतं. चेर्नोबिलनंतरचं लोणी. ते मुंबईकरांच्या दुधात कालवलं जाणार. डॉ. शिवराव शांताराम वागळे आणि आणखी काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. हे लोणी खाण्याला सुरक्षित आहे याची खात्री कुणी केली, असा त्यांचा प्रश्न होता. धर्माच्या गायीचे दात मोजायला निघालेली ही पहिली माणसं, असं मी गमतीने म्हणतो. पण गंमत बाजूला ठेवू. मुलांच्या पेल्यात काय पडतं आहे हे विचारायला ते गेले होते, तेवढंच.

उच्च न्यायालयात त्यांची याचिका टिकली नाही. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे न्यायालयाने स्वतः निकाल न देता तज्ज्ञांची समिती नेमली. प्रा. एम. जी. के. मेनन आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक डॉ. पी. के. अय्यंगार असे शास्त्रज्ञ तीत होते. प्रश्न नेमका घातला होता : अणुऊर्जा नियामक मंडळाने ऑगस्ट १९८७ मध्ये जी मर्यादा ठरवली आहे, त्या मर्यादेतलं दूध, लोणी आणि इतर अन्न माणसाला निर्धोक आहे का? समितीने सांगितलं, आहे. न्यायालयाने ते मानलं आणि १९८८ मध्ये याचिका निकाली निघाली. अर्जदार हरले.

शास्त्राच्या बाजूने पाहिलं तर समितीच्या म्हणण्यात नवल नाही. सीझियम पाण्यात विरघळतं, चरबीत जात नाही. दूध घुसळलं की ते बहुतेक सगळं ताकात राहतं आणि लोण्यात अगदी थोडं येतं. जर्मनीत पाण्याची पावडर इतकी वाईट निघाली, त्याचंही कारण हेच. माझी आई ताक घुसळायची तेव्हा तिला हे रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण 'लोण्यात दूध राहू देऊ नये, खवट होते' म्हणून ती ते तीनदा धुवायची.

मग अर्जदारांनी मिळवलं काय? माझ्या मते बरंच. पण निकालाच्या कागदावर ते दिसत नाही. तारखा पाहा. युरोपने आपली मर्यादा पाच आठवड्यांत ठरवली. आपल्याकडे न्यायालयात ज्या मर्यादेवर खल झाला ती अपघातानंतर सोळा महिन्यांनी ठरलेली. लोणी निर्दोष होतं ही गोष्ट कुणीतरी विचारलं म्हणूनच पक्की कळली. न विचारता सुटलेलं निर्दोष लोणी आणि तपासून सुटलेलं निर्दोष लोणी चवीला सारखंच लागतं हो, पण खाणाऱ्याच्या मानात फरक पडतो. पहिलं खाणारा याचक असतो, दुसरं खाणारा नागरिक.

त्यानंतर आपला देशही विचारायला शिकला. २००३ पासून भारताची अट आहे की आयात होणारे दुग्धपदार्थ ज्या जनावरांच्या दुधाचे आहेत, त्यांना गायीगुरांच्याच आतड्यांचं, रक्ताचं किंवा मांसाचं खाद्य दिलेलं नसावं, आणि तसा पशुवैद्यकीय दाखला हवा. अमेरिकेने यावर वर्षानुवर्षं कुरकुर केली आहे की या अटीमागे आरोग्याचं कारण नाही. आपलं उत्तर, आमच्या लोकांच्या श्रद्धेचा आणि संस्कृतीचा प्रश्न आहे. कोण बरोबर ते ज्याने त्याने ठरवावं. मला आठवला तो आईचा प्रश्न. 'अमेरिकेच्या कोण्या गाईचं?' चाळीसेक वर्षांनी तोच प्रश्न भारत सरकारने सरकारी भाषेत विचारला!

२००८ मध्ये चीनमध्ये भयंकर प्रकार घडला. बाळांच्या दुधाच्या पावडरीत मेलामिन नावाचं रसायन निघालं. सहा बालकं गेली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली. त्यामागची युक्ती शिक्षकाला लगेच कळेल अशी आहे. दुधातली प्रथिनं मोजताना प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते. पाणी घातलेल्या दुधात नायट्रोजन कमी पडतो, मेलामिनमध्ये तो भरपूर. म्हणजे परीक्षेत जेवढं विचारतात तेवढंच लिहून पास होणारा विद्यार्थी! भारताने त्याच वर्षी चिनी दुग्धपदार्थांवर बंदी घातली. इथे कागद होता, आकडा होता, तरी गायीची ओळख नव्हती. कागदाची मर्यादा इथे दिसते.

आता आरसा फिरवू. आपण विकायला निघतो तेव्हा? जगात सर्वांत जास्त दूध आपल्याकडे, तरी निर्यात त्या मानाने किरकोळ, कारण बहुतेक दूध आपणच पितो. निर्यातीसाठी १९६३ चा कायदा आहे, निर्यात तपासणी परिषद आहे, आणि दूध व दुग्धपदार्थांसाठी स्वतंत्र नियम आहेत. कारखाना मान्यताप्राप्त हवा, दुधात औषधांचा आणि कीटकनाशकांचा अंश किती ते तपासलेलं हवं, आणि पशुआरोग्याचा दाखला हवा.

शिवाय घेणाऱ्या देशाच्या अटी वेगळ्या. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत हा रोग आहे. पावसाळ्यात बैल लंगडायला लागला, तोंडातून लाळ गळायला लागली की इथे पोरगंही सांगेल काय झालं ते. ज्या देशांत हा रोग नाही त्यांना तो दुधातून आपल्या गोठ्यात यायला नको आहे. म्हणून अशा देशांतल्या दुधावर युरोपची अट असते की पाश्चरायझेशन करायचं तर एकदा नव्हे, दोनदा, नाहीतर १३५ अंशांच्या वर तापवायचं. माझी पुतणी ऑस्ट्रेलियात असते. तिला पेढे न्यायला मनाई होते तेव्हा ती चिडून फोन करते, "काका, पेढ्यांत काय बॉम्ब आहे का?" तिला माझं उत्तर हे की बाई, पेढ्यात बॉम्ब नाही, पण आपल्या गावच्या गोठ्यात खुरकूत आहे, आणि त्यांच्या गोठ्यात नाही. त्यांनी दात मोजले तर आपण रागवायचं कारण नाही.

दुसरी अट बुरशीची. ढेप, मका, कडबा ओलसर जागी राहिला की बुरशी धरते. त्यातलं विष गायीच्या पोटातून दुधात उतरतं. अफ्लाटॉक्सिन एम-१ असं त्याचं नाव, आणि दूध उकळून ते जात नाही. आपली मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम, युरोपची त्याच्या दहावा भाग. आंतरराष्ट्रीय कोडेक्सची मर्यादा आपल्याइतकीच, त्यामुळे आपण काही जगावेगळे ढिले नाही. पण अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले, त्यांचा निष्कर्ष वाचण्यासारखा आहे. ज्या भेसळीच्या भीतीने आपण रोज दूधवाल्याकडे संशयाने पाहतो, ती फक्त १२ नमुन्यांत निघाली. आणि हे बुरशीचं विष मर्यादेबाहेर निघालं ५.७ टक्के नमुन्यांत! दोष गवळ्याच्या पाण्याचा कमी, आपल्या कोठ्यातल्या ओल्या ढेपेचा जास्त. आमच्या विदर्भात सरकीची ढेप हे दुभत्या जनावराचं मुख्य खाद्य, आणि धानपट्ट्यातला पावसाळा तर तुम्हाला माहीतच आहे.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. त्याच २०१८ साली महाराष्ट्रात दुधाची पावडर अतोनात साठली होती, दुधाचे भाव पडले होते, आंदोलन झालं. जुलैत नागपूरच्या अधिवेशनात सरकारने निर्यातीच्या पावडरीला किलोमागे ५० रुपये अनुदान जाहीर केलं. आणि ऑगस्टमध्ये शाळकरी मुलांना पावडरीची पाकिटं वाटायचं ठरलं. शेतकरी वाचवायला दोन्ही गोष्टी ठीकच होत्या, त्यात मला खोट काढायची नाही. पण इतिहास शिकवलेल्या माणसाला चित्र ओळखीचं वाटतं. साठ्याचा डोंगर, आणि त्याला दोन वाटा : एक बंदराकडे, एक शाळेकडे. युरोपच्या डोंगराला ज्या दोन वाटा होत्या त्याच.

बंदराकडे जाणारं पोतं कागदांची चळत घेऊन जातं. कारण पलीकडे विचारणारा बसला आहे. तो पैसे देतो, म्हणून दात मोजतो. शाळेकडे जाणाऱ्या पाकिटासमोर आठ वर्षांचं पोर उभं असतं. ते काय विचारणार? त्याच्यासाठी विचारायचं कुणी? पाकीट वाईट असतं असं मी मुळीच म्हणत नाही. आयरिश लोणीही वाईट नव्हतंच. पण ते वाईट नव्हतं हे विचारल्यावर कळलं. ज्या दिवशी निर्यातीच्या पोत्यासाठी होणारी प्रत्येक तपासणी अंगणवाडीच्या पेल्यासाठीही तितक्याच इमानाने होईल, त्या दिवशी 'निर्यातीच्या दर्जाचं' हा शब्द आपल्या जाहिरातींतून आपोआप जाईल. आज तो शब्द अभिमानाने छापतात. मला तो वाचून थोडी लाज वाटते. म्हणजे घरचा दर्जा वेगळा, असाच ना त्याचा अर्थ?

सगळं निराशेचं आहे असं नाही बरं का. २०१९ पासून लाळ्या-खुरकुताविरुद्ध देशभर लसीकरणाची मोहीम आहे. गायीबैलांच्या कानात पिवळा बिल्ला आला आहे, त्यावर बारा आकडी क्रमांक. महाराष्ट्रात जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. आमच्याकडचे काही म्हातारे कुरकुरतात, 'गाईले बी आधार कार्ड!' पण मला तो बिल्ला आवडतो. क्रमांक टाकला की गाय कुणाची, लस कधी टोचली, हे कळतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या दुग्धविकास प्रकल्पामुळे आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातही दूध संकलनाची घडी बसू लागली आहे. उद्या इथलं दूध कुठे दूर गेलं, तर 'कोण्या गाईचं?' याचं उत्तर त्या बिल्ल्यावर असेल.

आणि म्हणीचं काय करायचं? म्हण काही रद्द होत नाही, ती जुनी आहे, चालू राहील. पण मी आता मुलांना शिकवत असतो तर अर्थाखाली एक ओळ वाढवली असती. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत हे गाय एकट्या घेणाऱ्यासाठी असेल तर ठीक. तिचं दूध लेकरांना पाजायचं असेल तर दात मोजावेत, कान पाहावा, आणि ढेपेचा वासही घ्यावा. त्यात दात्याचा अपमान नाही.

असो. लेख लांबला. तुमच्यापैकी कुणी शाळेतलं पावडरीचं दूध प्यायलं असेल तर ते कुठे, कधी आणि कसं लागायचं, ते जरूर कळवा. परदेशातल्या मंडळींनी पेढ्यांच्या कथा कळवायला हरकत नाही!